थोरल्या वाऱ्याची रात्र आणि पाच शिलिंगांचे वय

आपल्याकडे मागल्या पिढीत 1 जून रोजी जन्मलेली माणसे इतकी का आढळतात, हे मराठी वाचकास सांगावयास नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली, तीच पुढे सरकारदरबारी खरी ठरली. घरात मात्र जन्माची खूण वेगळीच असे. आजी प्लेगच्या सालातली, काका पानशेत फुटले त्या पावसाळ्यातले, धाकटी आत्या कोयनेच्या भूकंपानंतरची. कालगणनेच्या या दोन रीती एरवी शेजारी शेजारी सुखाने नांदतात. त्यांची गाठ पडते ती बहुधा म्हातारपणी, आणि तीही पैशाच्या निमित्ताने. अशीच एक गाठ 1909 साली आयर्लंडमध्ये पडली. तिच्या कागदांतून जे हाती लागते ते साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे असे आहे.

1908 साली ब्रिटिश पार्लमेंटने वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा संमत केला. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्याचाच भाग असल्याने तो तेथेही लागू झाला. सत्तरी गाठलेल्या आणि वर्षाला 21 पौंडांहून अधिक उत्पन्न नसलेल्या माणसास आठवड्याला 5 शिलिंग मिळावयाचे. उत्पन्न त्याहून वाढेल तसतशी रक्कम घटत जाऊन साडेएकतीस पौंडांपुढे ती बंद होई. वर्गणी भरण्याची अट नव्हती. मात्र गरीबखान्याची मदत घेणाऱ्यास आरंभीची दोन वर्षे यातून वगळले होते. 1 जानेवारी 1909 रोजी टपाल कचेऱ्यांतून पहिले पैसे वाटले गेले. फ्लोरा थॉम्प्सन यांच्या ‘लार्क राइज’मध्ये इंग्लंडमधील एका खेड्यातले वृद्ध हे पैसे घेताना दिसतात. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांना ते ‘लॉर्ड’ समजतात आणि खिडकीमागे बसून नाणी मोजणाऱ्या मुलीला बागेतली फुले नि सफरचंदे आणून देतात. देणारी जणू तीच!

आयर्लंडमध्ये मात्र टपाल कचेरीच्या खिडकीपर्यंत पोचणेच अवघड होते. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद 1837 पासून होत होती. आयर्लंडमध्ये ती सर्वांसाठी सुरू झाली 1864 साली. म्हणजे 1909 मध्ये जन्माचा सरकारी दाखला दाखवू शकणारा आयरिश माणूस फार तर पंचेचाळीस वर्षांचा. कायदा सत्तरीचा पुरावा मागत होता आणि पुरावा ठेवण्याचे काम ज्याने करावयाचे त्या सरकारने तो कधी ठेवलाच नव्हता. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या होत्या, पण पश्चिमेकडील अनेक गरीब कॅथलिक परगण्यांत त्या फार उशिरा सुरू झालेल्या.

तेव्हा लोकांनी आपल्याजवळ जे होते ते पुढे केले. 6 जानेवारी 1839 च्या रात्री आयर्लंडवर एक भयंकर वादळ आले होते. छपरे उडाली, झाडे उन्मळली, माणसे दगावली. ही ‘थोरल्या वाऱ्याची रात्र’ पुढे घराघरांतून सांगितली गेली आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे असे माणसांचे जन्म मोजले जाऊ लागले. आता योगायोग पाहा. पहिल्या दिवशी पेन्शनला पात्र ठरावयाचे तर जन्म 1 जानेवारी 1839 पर्यंतचा हवा. वादळ त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी आलेले! ज्याला तो वारा आठवतो त्याची सत्तरी उलटलीच, हा हिशेब कोणालाही पटावा असा होता. त्या रात्री मी हातात धरून बटाटा खाण्याइतका मोठा होतो, अशी साक्ष अर्जदार देऊ लागले, आणि पेन्शन समित्यांपुढे ती इतक्यांनी दिली की तिचा विनोद झाला.

या विनोदात काही तथ्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आयर्लंडमधील पेन्शनदारांची संख्या अपेक्षेहून पुष्कळ अधिक निघाली आणि लंडनचे अर्थखाते अस्वस्थ झाले. 1901 आणि 1911 च्या शिरगणतीचे कागद ताडून पाहिले तर दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसे सहज सापडतात. पण यांतील प्रत्येकास खोटारडा म्हणणे मला मान्य नाही. ज्याला आपले वय कधी कोणी विचारलेच नव्हते, त्याने 1901 मध्ये सांगितलेला आकडाही अंदाजाचाच होता. आणि लहानपणापासून शेकोटीपाशी शंभर वेळा ऐकलेली रात्र आपण स्वतः पाहिली असे वाटणे म्हणजे लबाडी नव्हे. आठवण आणि ऐकीव यांच्यातली रेषा कोठे असते, हे आत्मचरित्रे शिकविणाऱ्यांनी तरी इतक्या ठामपणे सांगू नये. अबकारी खात्यातून नेमलेल्या पेन्शन अधिकाऱ्यास ती रेषा आखावी लागे. स्थानिक समितीतील शेजारीपाजारी मान डोलावीत. अधिकारी वरिष्ठ मंडळाकडे दाद मागे.

मग एक वाट निघाली. 1841 आणि 1851 च्या शिरगणतीचे मूळ कागद डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ इमारतीतील सरकारी दफ्तरखान्यात होते. अर्जदाराने आपले नाव, आईबापांची नावे, परगणा आणि टाउनलँड, म्हणजे आपल्याकडील वाडी, लिहून पाठवावयाची. कारकुनाने त्या वाडीचे कागद काढून मूल त्या साली किती वर्षांचे नोंदले आहे ते पाहावयाचे. 1851 मध्ये मूल आठ वर्षांचे निघाले तर अर्जदाराची सत्तरी अजून दूर. वास्तविक ते आठ वर्षेही बापाने दारावर आलेल्या पोलिसाला तोंडीच सांगितलेली! पण एकदा कागदावर चढलेली तोंडी गोष्ट पुरावा होते आणि न चढलेली गप्प.

या शोधात अडचणी फार होत्या. नावे आयरिश भाषेतली आणि कागद इंग्रजीतले. एकाच आडनावाची चार स्पेलिंगे. मजुरी करीत फिरणाऱ्या कुटुंबाला साठ वर्षांपूर्वीची वाडी आठवेलच असे नाही. पण याहून मोठे कारण वेगळे होते. 1841 मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे 81 लाख 75 हजार होती; 1851 मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. मधल्या काळात बटाट्याचे पीक सडून महादुष्काळ पडला होता. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. खंड थकलेल्यांची घरे जमीनदारांनी पाडली. कारकुनाने ‘सापडले नाही’ असा शेरा मारला, तेव्हा पुष्कळदा ते घरच जागेवर राहिलेले नव्हते. 1851 च्या गणतीत मागल्या दहा वर्षांत मेलेल्यांचाही तक्ता होता. पाच शिलिंगांसाठी स्वतःचे वय शोधू गेलेल्याच्या नावाच्या आसपास त्या तक्त्यात भावंडे असावयाची.

महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचे वेतन मागणाऱ्या वृद्धालाही हाच प्रश्न पुरला आहे. येथे पासष्टीचा पुरावा हवा. जन्माची नोंद किंवा शाळेचा दाखला नसेल, तर शिधापत्रिका वा मतदार यादीतील वय, नाहीतर सरकारी डॉक्टरचे प्रमाणपत्र. तेथे आठवण तपासली गेली, येथे शरीर तपासले जाते. (उत्पन्नाची मर्यादा येथे दीर्घकाळ 21 हजार रुपये होती, हा 21 चा योगायोग निव्वळ गमतीचा.)

30 जून 1922 रोजी, आयरिश यादवी युद्धाच्या आरंभी, ‘फोर कोर्ट्स’मध्ये प्रचंड स्फोट झाला आणि दफ्तरखाना जळाला. 1841 आणि 1851 च्या शिरगणतीचे थोडे तुकडे सोडता सगळे नष्ट झाले. पेन्शनसाठी केलेले शोधअर्ज मात्र मोठ्या संख्येने वाचले. त्या गणतीतील कित्येक कुटुंबांविषयी आज जी काही माहिती आहे ती या अर्जांवर कारकुनाने उतरवून घेतली तेवढीच. कोठे एकच नाव आणि वय, तर कोठे सबंध घर. ज्यांचा शोध लागला नाही त्यांचे अर्जही त्याच गठ्ठ्यांत आहेत. त्यांवर आईचे नाव आहे, बापाचे नाव आहे, वाडीचे नाव आहे आणि खाली कारकुनाचा शेरा.