सासष्टीतील ओवी

इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे एक ओवीबद्ध मराठी ग्रंथ छापला गेला. आज तो ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने ओळखला जातो. त्या काळी ज्ञानेश्वरी काय किंवा एकनाथी भागवत काय, हस्तलिखित पोथ्यांच्या रूपानेच मराठी मुलुखात फिरत होती. छापखान्याचे भाग्य प्रथम लाभलेल्या मराठी काव्यांत एका ख्रिस्ती धर्मगुरूचे काव्य असावे आणि तो धर्मगुरू जन्माने इंग्रज असावा, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक विलक्षण घटना होय. परंतु नवलाचा भाग बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. धर्मोपदेशासाठी लहानसे प्रश्नोत्तरांचे पुस्तक पुरेसे असताना या धर्मगुरूने दहा हजारांहून अधिक ओव्या रचण्याचा खटाटोप कशासाठी केला?

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत तेथे कॅथलिक पंथाच्या उपासनेस बंदी होती. त्यांचा स्नेही थॉमस पाउंड याला त्या पंथापायी अनेक वर्षे कारावास भोगावा लागला. स्टीफन्स रोमला गेले, येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले. १६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. मधली चाळीस वर्षे बव्हंशी सासष्टी महालात धर्मगुरू म्हणून गेली.

त्या वेळची सासष्टी शांत नव्हती. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले होते. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील देवळे सरसहा पाडण्यात आली. हिंदूंच्या जाहीर उत्सवांवर व धर्मग्रंथांवर बंदी आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांच्या हातून पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना कपटाने ठार केले. अशा भूमीत जे ख्रिस्ती झाले त्यांच्या मनाची अवस्था काय असेल? देवळाबरोबर देवळातली कथा गेली होती. सणाबरोबर सणाचे गाणे गेले होते. वर्ष तेच होते, पावसाळा आणि सुगी तीच होती. पण त्या वर्षाला अर्थ देणारे शब्द ओठांवरून काढून घेतले गेले होते.

ग्रंथाच्या आरंभीच स्टीफन्स यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे आपले म्हणणे मांडतो. शिकवण चांगली आहे, पण पूर्वीची पुराणे तुम्ही वर्जिलीत. मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरे एखादे पुराण का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हे या प्रश्नाचे उत्तर आहे. काय मानावे हे प्रश्नोत्तरांचे पुस्तक सांगू शकते. पण नाताळच्या रात्री काय गावे आणि उपवासकाळात कशावर मन लावावे, हे सांगावयास कथाच लागते. कथेवाचून धर्म पाठ होतो, अंगी मुरत नाही.

म्हणून स्टीफन्स यांनी बायबलची सारी कथा ओवीत आणली. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर म्हणजे अध्याय असून त्यांत विश्वाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरांत येशूचा जन्म, उपदेश, चमत्कार, क्लेश, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण हा क्रम आहे. ख्रिस्ती उपासनेचे वर्षही हीच वाट चालते. त्यामुळे ग्रंथ आणि वर्ष एकमेकांच्या हातात हात घालून जाऊ शकले. रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सेनंतर चर्चमध्ये हे पुराण वाचले जाई.

भाषेची निवडही विचारपूर्वक होती. धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांनी घरच्या बोलीत, म्हणजे कोंकणीत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापले गेले. पुराण मात्र मराठीत रचले, कारण पुराण मराठीत ऐकण्याची श्रोत्यांच्या कानांना सवय होती. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. परका विचार ओळखीच्या शब्दातून घरात आणला. छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते, म्हणून ही मराठी ओवी रोमन अक्षरांत छापावी लागली.

तथापि या कथेची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. प्रश्न विचारणाऱ्या ब्राह्मणाला नवे पुराण मिळाले. जुने परत मिळाले नाही. ज्या सत्तेने जुन्या पोथ्या वर्जिल्या तिच्याच छायेत ही नवी पोथी जन्मली, आणि स्टीफन्स यांनीही जुन्या पुराणांवरील बंदी चुकीची मानली नाही. स्वतःच्या पंथावर मायदेशी बंदी असलेला हा पुरुष दुसऱ्यांच्या वाङ्मयावरील बंदीच्या सावलीत लिहीत होता. त्यांच्या काव्याचे मोठेपण मान्य करताना ही विसंगतीही मान्य केली पाहिजे. मात्र बंदी घालणाऱ्यांना जे कळले नाही ते या धर्मगुरूला कळले, की माणसाच्या तोंडची भाषा हिरावून त्याच्या हृदयाशी बोलता येत नाही.

पुढे तर सत्तेने भाषेवरच हात टाकला. १६८४ साली निघालेल्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे, असा हुकूम केला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो भाविकांनी उतरून घेतलेल्या हस्तलिखितांत. गोव्यातून दक्षिण कानड्यात जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो जपला. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी पोथीही सापडली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. रोमन अक्षरांत छापली गेलेली ओवी तीनशे चाळीस वर्षांनी आपल्या लिपीत छापून आली.

छापलेली प्रत राज्याच्या आश्रयाने निघाली होती. ती नाहीशी झाली. हाताने उतरलेली प्रत लोकांच्या गरजेने निघाली, ती टिकली. सासष्टीतील त्या ब्राह्मणाची मागणी किती खरी होती, याचा याहून बळकट पुरावा दुसरा नाही.