काचेतला पटोला



माझी एक जुनी सवय घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वालीव नाक्यावरून वसई स्टेशनकडे जाताना रिक्षा कुठे अडकली की मी कपड्यांच्या दुकानांच्या काचा वाचते. पुतळ्यांच्या अंगावर काय चढवलंय, कुठली नक्षी पुढे आली आणि कुठली मागच्या मांडणीवर गेली, हे घरी येऊन हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. 2015 साली ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा महिनाभर सगळीकडे घेरदार अनारकली होते. मग कलमकारी आली, पाठोपाठ अजरख. वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांपर्यंतसुद्धा ही लाट पोचते. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडणाऱ्या मुलींच्या ओढण्या पाहिल्या की काचेतली नक्षी खरंच उतरली की नुसती टांगून राहिली, ते कळतं.

गेल्या दिवाळीआधी एका रस्त्यावर मी सात काचा मोजल्या. त्यांतल्या पाचांत पटोला होता. म्हणजे पटोल्याची छापील नक्षी: साडीवर, कुर्त्यावर, उशीच्या अभ्र्यावर, एका ठिकाणी तर गाऊनवर. लाल जमीन, चौकटीत हत्ती, पोपट, नाचणारी बाई. माझ्या मुलीला त्यातली एक ओढणी हवी होती, मामेभावाच्या लग्नासाठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘प्युअर पटोला’. किंमत अठराशे.

घरी तिने बांना फोटो दाखवला. बा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “खोटा आहे.” मुलगी चटकन म्हणाली, “मग खरा द्या ना, पेटीत आहेच की.”

यावर सगळे गप्प झाले, कारण ती पेटी आमच्या घरात सहसा कुणी काढत नाही. बांना त्यांच्या लग्नात माहेरून अस्सल पाटणचा पटोला मिळाला होता. वीसेक वर्षांपूर्वी एका चातुर्मासात महाराजसाहेबांचं प्रवचन ऐकून त्यांनी रेशीम सोडलं. कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. किडा कोशातून स्वतः बाहेर पडला तर धागा तुटतो. तो अखंड, शेकडो मीटर लांब मिळावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात. एका किलो रेशमाला काही हजार कोश लागतात. बांनी नियम नुसता नेसण्यापुरता घेतला नव्हता. करणं, करवणं, अनुमोदणं, तिन्हींचा घेतला होता. त्यामुळे नातीला पटोला द्यायचा, तर ते अनुमोदन ठरतं का, हा त्यांच्यासाठी खरा प्रश्न होता. विकायचा तर त्याहून मोठा.

त्या रात्री माझ्या डोक्यात मात्र दुसराच शब्द घोळत राहिला. ‘खोटा’.

माझं माहेर निपाणीचं, दिगंबर. सासर मूळचं उत्तर गुजरातचं, श्वेतांबर. पटोला मी पहिल्यांदा सासरीच पाहिला. त्यांच्याकडे नक्षीला ‘भात’ म्हणतात. पान भात, छाबडी भात, नारीकुंजर भात ही नावं ऐकून नव्या सुनेला आधी स्वयंपाकघरच आठवलं होतं, आणि त्यावर घर बरेच दिवस हसलं.

पटोला विणायची रीत एकदा नीट समजली की किमतीचं नवल वाटत नाही. साध्या साडीत कापड विणून मग छापतात किंवा रंगवतात. पटोल्यात ताणा आणि बाणा, दोन्हीकडचे धागे विणण्याआधीच मापून, जागोजाग सुतळीने बांधून रंगवतात. एक रंग झाला की गाठी सोडायच्या, पुढच्या रंगासाठी पुन्हा बांधायच्या. आणि मग मागावर उभा लाल ठिपका आडव्या लाल ठिपक्यावर बरोब्बर बसला पाहिजे. थोडं विणायचं, थांबायचं, सुईने धागे सरकवून नक्षी जुळवायची. दोन माणसं बसली तरी एका साडीला सहा महिने ते वर्ष जातं. म्हणून तिला उलट-सुलट बाजू नसते, आणि नक्षीच्या कडा जरा थरथरल्यासारख्या दिसतात. ती थरथर आता छापणारेही मुद्दाम संगणकावर काढून छापतात! पण कापड उलटलं की मागची फिकट बाजू बोलतेच. (राजकोटचा पटोला बहुधा एकेरी असतो, नुसता बाणा बांधलेला. तो खोटा नव्हे, फक्त पाटणचा नव्हे. दुकानदाराला हा फरक विचारा, उत्तरावरून दुकानही कळतं.)

हे विणणारे साळवी. आपल्याकडचा ‘साळी’ शब्द आठवतो ना? आणि यातली आपल्याला जवळची गोष्ट अशी, की साळवींच्या परंपरेत त्यांचं मूळ गाव जालना सांगतात, आपलं मराठवाड्यातलं. बाराव्या शतकात पाटणच्या गादीवर राजा कुमारपाळ होता, कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचा शिष्य. तो पूजेला रोज नवा पटोला नेसून जाई, आणि ते पटोले जालन्याहून येत. एकदा त्याला कळलं, की तिथला राजा आधी ते स्वतः वापरतो, पलंगावर अंथरतो, आणि मगच बाहेर धाडतो. म्हणजे आपण इतके दिवस पूजेत वापरलेलं वस्त्र नेसत होतो! म्हणून कुमारपाळाने साळवींची 700 घरं जालन्याहून आणून पाटणला वसवली. ही पिढ्यांनी सांगत आणलेली कथा आहे, शिलालेख नव्हे. पण पाटणला आज जी मोजकी घरं पटोला विणतात ती साळवींचीच, आणि जैन.

या कथेत मला नेहमी एक खडा लागतो. कुमारपाळ म्हणजे ज्याने राज्यात अमारी पुकारली, पशुहत्या बंद करवली, तो राजा. त्याला वस्त्र उष्टं असल्याचं लागलं. ते कोशातून कसं आलं, याबद्दल कथा चकार शब्द काढत नाही. मला वाटतं, पाटणला पोचेपर्यंत तो नुसता धागा झालेला असायचा. कढई दूर होती. बांनाही लग्नात कुणी कढई दाखवली नव्हती.

पाटणला गेलात तर राणीची वाव जरूर पाहा. राणी उदयमतीने अकराव्या शतकात बांधवलेली ती पायऱ्यांची विहीर 2014 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि 2018 साली आलेल्या शंभराच्या जांभळट नोटेच्या मागे तीच छापली आहे. तिथल्या दगडी भिंतींवर चौकटींची जाळीदार नक्षी आहे, ती पाहिल्यावर बा लगेच म्हणाल्या होत्या, “हे तर पटोळूच!” दगडावरून कापडावर आली की कापडावरून दगडावर गेली, कोण सांगणार? नक्षीला एकच घर पुरत नाही, एवढं मात्र तिथे दिसतं.

कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्या आठवा. पर्युषणात त्रिशलामातेच्या स्वप्नांचं वाचन होतं, तेव्हा चित्रंही दाखवतात. (माझ्या माहेरी सोळा स्वप्नं, सासरी चौदा. पहिल्या वर्षी मी उरलेल्या दोनांची वाट पाहत बसले होते.) पंधराव्या शतकातल्या त्या चित्रांत माता पलंगावर पहुडलेली असते, आणि सगळ्यांची नजर स्वप्नांवर असताना माझी जाते ती पलंगपोसावर. ठिपके, फुलं, चौकटी, हंसांच्या रांगा. चित्रकाराने साडी, उशी, छत, एकही कापड कोरं सोडलेलं नाही. ती पानं म्हणजे तेव्हाच्या गुजरातच्या कापडबाजाराची काचच म्हणा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशी पानं आहेत. तिथे संचालक असलेल्या डॉ. मोतीचंद्रांनी या जैन चित्रांवर 1949 साली मोठा ग्रंथ लिहिला.

आणि त्या हंसांच्या रांगा इजिप्तमध्ये सापडल्या आहेत. जुन्या कैरोत, फुस्तातच्या उकिरड्यांतून, छापील सुती कापडाचे तुकडे निघाले. नक्षी गुजरातची. रॉडॉल्फ फिस्टर नावाच्या अभ्यासकाने 1938 साली ते प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचं मूळ ठरवायला गुजरातच्या इमारतींवरच्या नक्षीशी ताडून पाहिलं. पुढे जैन पोथ्यांतल्या कापडांशी तुलना झाली. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयातच असे बाराशेच्या आसपास तुकडे आहेत. त्यांतल्या अनेकांचं वय पुढे शास्त्रीय चाचणीने काढलं, तेव्हा ते पोथ्यांच्या काळातले आणि त्याहून जुनेही निघाले. म्हणजे आपल्या पोथीच्या चित्रातलं कापड आणि नाईलकाठच्या गरीब-मध्यम घरातलं कापड एकाच चालीचं होतं. ते सुती होतं, ठशांनी छापलेलं होतं, आणि कुणी त्याला खोटं म्हटलं नसावं.

पटोल्याचीही हीच गोष्ट. तो इंडोनेशियाच्या बेटांवर मसाल्यांच्या बदल्यात जाई. तिथे त्याला नुसतं वस्त्र मानत नसत. राजघराण्यांचा तो मान होता, लग्नात आणि अंत्यविधीत तो बाहेर काढायचे, वारशाने जपायचे. डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथल्या सरदारांना खूश ठेवायला पटोले वाटले. पण इतक्या लोकांना पुरतील इतके पटोले विणणार कोण? तेव्हा गुजरातच्याच छिप्यांनी पटोल्याची नक्षी ठशांवर कोरली आणि सुती कापडावर छापून जहाजांत भरली. सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांनी असली छापील सुती वस्त्रं पिढ्यानपिढ्या पवित्र ठेव म्हणून जपली. त्यांतली काही आज जगातल्या संग्रहालयांत आहेत. जावा बेटावर पेकालोंगानला बाटिकमध्ये ‘ज्लामप्रांग’ नावाची नक्षी करतात, तीही पटोल्याच्या फुलाच्या चौकटीवरून आलेली.

म्हणजे छापील पटोला ही कालची सुरतेची करामत नाही. कैक शतकं जुनी चाल आहे ती, आणि ती मुळात सुती होती. रेशीम बाजूला ठेवून नक्षी एकटीच समुद्र ओलांडून गेली होती. हे वाचलं तेव्हा मला बांचा प्रश्न थोडा सोपा झाल्यासारखा वाटला. नक्षी सोडायचा नियम त्यांनी घेतलाच नव्हता.

मला राग आहे तो चिठ्ठीचा. पॉलिएस्टरवर छापून ‘प्युअर पटोला’ लिहिणं हे असत्य, आणि पाटणच्या पटोल्याला भौगोलिक मानांकन आहे म्हणून तो साळवींचा हक्क मारणंही. ‘पटोला प्रिंट’ लिहा की, कोण नको म्हणतंय? गाऊनवरच्या हत्तीबद्दल मी बोलत नाही, ज्याची त्याची आवड. पण एका काचेत मी पायपुसण्यावर स्वस्तिक पाहिलं, तेव्हा मात्र आत जाऊन बोलले. मालक भला होता, त्याने ते मागे ठेवलं. विकायचं थांबवलं की नाही, ठाऊक नाही.

कुणी विचाराल, अहिंसा रेशीम का नाही? तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावरच्या कोशांपासून सूत काढायची रीत रूढ केली. राष्ट्रपतींच्या पत्नी जानकी वेंकटरामन यांनी जीव न मारता केलेली रेशमी साडी मिळेल का असं विचारलं, तिथून ते या कामाला लागले असं सांगतात. मी बांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, पतंग गेल्यावर पुढच्या अंड्यांचं काय करतात, ते आधी विचारून ये. अजून विचारायचंय.

मुलीने शेवटी ती ओढणी घेतली नाही. आम्ही वसईत हिंडून सुती, ठशांनी छापलेली, छाबडी भाताची ओढणी शोधली; मागे ‘कॉटन, हँडब्लॉक’ एवढंच लिहिलेलं. घरी आल्यावर बांनी स्वतः पेटी उघडायला सांगितली. पटोला नेसायला द्यायचा नाही, हे त्यांचं ठरलं होतं. पण घडीवर रेशीम चिरतं, म्हणून वर्षातून एकदा घडी मोडावी लागते, आणि या वर्षीची राहून गेली होती. पलंगावर दोन्ही शेजारी पसरले. बांनी बोटाने ओढणीतलं फूल दाखवलं, मग पटोल्यातलं, मग पुन्हा ओढणीतलं. ठसा एका ठिकाणी केसभर सरकला होता. “इथे छिप्याचा हात हलला,” त्या म्हणाल्या, आणि ओढणी उलटी करून बघायचं राहिलं तसंच राहू दिलं.

मग आम्ही दोघींनी पटोल्याची नवी घडी घातली, जुन्या मोडीवर न येईल अशी. कडुनिंबाचा पाला मुलीने वाळवून ठेवला होता.