पहिला पायमोजा आणि खंदकातले पाय

पायमोजा विणायला बसलेल्या नवशिक्याची खरी परीक्षा टाचेपाशी होते. तोवर सारे सुरळीत चालते. तीन सुयांवर टाके वाटून घ्यायचे, चौथीने सुलट-उलट विणत नडगीवरून घोट्यापर्यंत उतरायचे. लोकरीची एक सरळ नळी तयार होते. परंतु माणसाचा पाय घोट्याशी वळतो, तेव्हा नळीलाही वळावे लागते. त्यासाठी निम्मे टाके बाजूला ठेवून उरलेल्यांवर मागे-पुढे विणत टाचेची पट्टी करायची, ओळी अर्ध्यावर सोडत तिला वाटीसारखा खोलगटपणा आणायचा, मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलून पुन्हा गोल विणू लागायचे. एक टाका गळला की सारे उसवणे आले.

१९१४ च्या अखेरीस ब्रिटनमधील कित्येक स्त्रिया आणि शाळकरी मुले नेमकी याच वळणावर अडखळत होती.

पायमोजे विणण्याचे यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्येच बनवले होते आणि लेस्टरसारखी शहरे याच धंद्यावर उभी होती. मग हाताने विणण्याची वेळ का यावी? युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनचे कायमस्वरूपी सैन्य अडीच लाखांच्या आसपास होते. वर्षअखेरपर्यंत १० लाखांहून अधिक नवे लोक त्यात दाखल झाले. इतक्या पायांना पुरतील एवढे मोजे एकाएकी आणायचे कुठून? युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी राणी मेरीकडे ३ लाख जोड पायमोजे आणि तितकेच लोकरी कमरपट्टे मागितले, आणि राणीने देशातील स्त्रियांना आवाहन केले.

या कथेचा एक कोपरा सहसा अंधारात राहतो. सुखवस्तू स्त्रिया फुकट विणू-शिवू लागल्या, तर त्याच कामावर पोट असणाऱ्या मजूर स्त्रियांनी खायचे काय? कामगार नेत्या मेरी मॅकआर्थर यांनी हा प्रश्न थेट राणीपुढे मांडला. त्यातून बेकार स्त्रियांना मजुरीचे काम देणारा निधी उभा राहिला आणि त्यासंबंधीच्या समितीचे चिटणीसपद मॅकआर्थर यांच्याकडेच आले. देशप्रेमाने विणलेला मोजाही कुणाची तरी भाकरी हिरावू शकतो, हे त्यांनी वेळीच ओळखले. मला तरी या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणी व्यक्ती त्याच वाटतात.

इकडे फ्रान्स आणि फ्लँडर्समधील खंदकांत पाणी साचले होते. थंड चिखलात तासन्‌तास उभे राहिल्याने पाय बधिर होत, सुजत, काळेनिळे पडत आणि कुजू लागत. कित्येकांची बोटे किंवा पाऊलच कापावे लागे. या विकाराला ‘ट्रेंच फूट’ हे नाव पडले. त्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातील सुमारे २० हजार सैनिक त्याने जायबंदी झाल्याचे सांगितले जाते. हिंदी पलटणी तर उष्ण हवामानाच्या सुती गणवेशात युरोपात उतरल्या होत्या. आपल्या खडकीच्या ‘सॅपर्स अँड मायनर्स’च्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेल येथे लढल्या, त्या याच आघाडीवर.

उपाय साधाच होता : पाय कोरडे करा, त्यांना व्हेल माशाचे तेल चोळा आणि मोजे बदला. पुढे तशी सक्तीच झाली. सैनिकांनी जोडीजोडीने एकमेकांचे पाय पाहावेत, असा दंडक काही पलटणींत होता. म्हणजेच एका सैनिकाला एक जोड पुरेना. शिवाय मोजा नुसता उबदार असूनही भागत नसे. लोकर संपल्यावर नवशिक्या हातांनी मारलेली गाठ किंवा बोटांपाशी राहिलेला जाड शिवणीचा वळ मैलोगणती चालणाऱ्या पायाला फोड आणी, आणि त्या चिखलात फोड चिघळायला वेळ लागत नसे.

म्हणून मोज्याचे टोक कसे मिटवायचे, याला महत्त्व आले. दोन सुयांवर उरलेले टाके समोरासमोर धरून, शिवणाच्या सुईने विणीचाच मार्ग गिरवत जोडले की वळ राहत नाही. जोड हाताला लागतसुद्धा नाही. इंग्रजीत या जोडणीला आजही ‘किचनर टाका’ म्हणतात. ती किचनरनेच शोधल्याची दंतकथा मोठ्या आवडीने सांगितली जाते. मात्र ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील शिवण-विणकामाच्या पुस्तकांत आधीच आढळते. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती राहिलेले हे गृहस्थ स्वतः सुया घेऊन बसले असतील, ही कल्पना रम्य आहे, इतकेच.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तेथेही रेडक्रॉसच्या शाखांतून हीच शिकवणी सुरू झाली. आलेला प्रत्येक मोजा जाणत्या स्त्रिया आतून हात फिरवून तपासत. गाठ लागली, टाच वाकडी निघाली किंवा जोडीतील एक मोजा दुसऱ्याहून लांब भरला, की तो उसवला जाई आणि त्याच लोकरीतून पुन्हा विणला जाई.