लेखणीवरील घाव : संपादक शोएबुल्लाखान

प्रतिवर्षी १७ सप्टेंबर रोजी भोकर येथे व साऱ्या मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, आणि स्वामी रामानंद तीर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांचे आदराने स्मरण केले जाते. परंतु त्या दिवशीच्या भाषणांत एक नाव क्वचितच कानी पडते. ते नाव शोएबुल्लाखान या तरुण संपादकाचे होय. धर्म, हिंसा आणि भाषणस्वातंत्र्य यांविषयी जगभर आज जो वाद चालू आहे, त्याचा एक मोठा धडा या पुरुषाच्या चरित्रात आहे. म्हणून ज्ञातिबांधवांपुढे ते ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. साधी सभा भरवावयाची तरी सरकारची पूर्वपरवानगी लागे. त्यासंबंधीचे परिपत्रक, म्हणजे 'गश्ती क्रमांक ५३', आमच्या वडीलधाऱ्यांस चांगलेच परिचयाचे होते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, परंतु निजामाने संस्थान भारतात विलीन केले नाही. लातूर येथे वकिली करणारे कासिम रझवी हे इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे अध्यक्ष झाले होते. धर्म व राज्य धोक्यात आहे, अशी हाक देऊन त्यांच्या रझाकारांनी गावेच्या गावे लुटली व जाळली. आपल्या भागातील कित्येक कुटुंबांनी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आश्रय घेतला.

अशा समयी हैदराबाद शहरात शोएबुल्लाखान लेखणी चालवीत होते. वरंगळ भागात १९२० साली जन्मलेल्या या तरुणाने मंदुमुल नरसिंगराव यांच्या 'रय्यत' या उर्दू पत्रात काम केले. सरकारने ते पत्र बंद पाडले, तेव्हा १९४७ च्या नोव्हेंबरात त्यांनी 'इमरोज' हे दैनिक काढले. इमरोज म्हणजे आज. संस्थानाने भारतात सामील व्हावे, प्रजेस जबाबदार राज्यपद्धती मिळावी आणि रझाकारांचे अत्याचार थांबावेत, असे ते निर्भयपणे लिहीत. धमक्या येऊ लागल्या तरी त्यांनी पत्र थांबविले नाही. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतत असताना मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडून टाकला. सोबतचे मेहुणे इस्माईलखान यांच्यावरही वार झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे शोएबुल्लाखान यांनी देह ठेवला. वयाची अठ्ठावीस वर्षेही तेव्हा पूर्ण झाली नव्हती. अवघ्या चार आठवड्यांत संस्थान शरण आले.

मारेकऱ्यांस हा एकच माणूस इतका का सलावा? ते मुसलमान होते, उर्दूत लिहीत होते, आणि आपल्याच धर्मबांधवांस त्यांची चूक दाखवीत होते. परक्याची टीका माणूस शत्रूची म्हणून झटकून टाकतो. घरातल्याचा शब्द मात्र जिव्हारी लागतो. म्हणूनच आपल्या माणसांस न रुचणारे सत्य सांगणे, ही भाषणस्वातंत्र्याची खरी कसोटी होय.

ही कसोटी आपल्यालाही लागू पडते. पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट उसळली व असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे तिने नोंदविले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपला नांदेड. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतही तो कधी आला नाही. हात न तोडताही लेखणी थांबविता येते, ती अशी. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्याच धर्मबांधवांचा विरोध पत्करून, प्रसंगी प्राण देऊन, मुसलमान विणकरांचे रक्षण केले. अहवाल दडपला गेला, तेव्हा या विणकरांचा मोठेपणाही त्याबरोबर दडला.

काळ बदलला, पण वृत्ती बदलली असे म्हणवत नाही. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. २०१५ च्या जानेवारीत पॅरिस येथे व्यंगचित्रांच्या एका साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला करून बारा जणांस ठार मारण्यात आले. पुढल्याच महिन्यात कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लिहिलेले पटले नाही तर उत्तर लिहावे, कायद्याचा भंग झाला असे वाटल्यास न्यायालयात जावे. राज्यघटनेने हे दोन्ही मार्ग मोकळे ठेविले आहेत. शस्त्राने युक्तिवाद खोटा ठरत नाही, आणि ज्या श्रद्धेस पहारेकऱ्याच्या सुऱ्याची गरज भासते, ती श्रद्धा आधीच दुबळी झालेली असते.

शेवटी आपल्या घरचे पाहू. आपल्या वार्षिक सभेत एखादा तरुण उठून लग्नातील उधळपट्टीबद्दल किंवा जातीबाहेरील विवाहाबद्दल बोलू लागला की, "खाली बस" असा आवाज येतो. तेथे रक्त सांडत नाही हे खरे. परंतु बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याची सवय तेथेच लागते. तरी मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र सूचना आहे की, येत्या सभेपासून विरोधी मत मांडणाऱ्यास स्वतंत्र वेळ द्यावा व त्याचे म्हणणे स्मरणिकेत छापावे. ते आम्हांसच रुचणार नाही असेही घडेल. तरीही ते छापले जावे.