दप्तरे, तलवारी आणि त्यांचा ठावठिकाणा

पेशवाई १८१८ साली बुडाली. परंतु ज्या कागदांवर मराठ्यांचा कारभार चालला ते कागद आणि ज्या हत्यारांच्या बळावर तो उभा होता ती हत्यारे त्याच दिवशी नाहीशी झाली नाहीत. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांतील पेट्यांत आणि कारभाऱ्यांच्या वंशजांच्या घरी ती पडून राहिली. शिवाय हा कारभार सह्याद्रीच्या कुशीत मावणारा नव्हता. दिल्लीस पेशव्यांचे वकील हिंगणे होते, कोट्यास शिंद्यांच्या वतीने गुळगुळे कारभार पाहत होते, ओरिसात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि कावेरीच्या काठी तंजावरास भोसल्यांचीच दुसरी शाखा राज्य करीत होती. यांतील कित्येक स्थळी आज या मासिकाचे वाचक बदलीच्या निमित्ताने राहत असतील. म्हणून ऐतिहासिक साधनांचा संग्रह कशाने उपयोगी होतो आणि कशाने निरुपयोगी, याचा विचार येथे करणे अप्रस्तुत होणार नाही.

या कार्याचा प्रारंभ सरकारने केला नाही. १८७८ साली काशिनाथ नारायण साने प्रभृतींनी ‘काव्येतिहाससंग्रह’ काढून बखरी व पत्रे छापावयास घेतली. मिरजेस शिक्षकी करीत असता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रे वाचून काढली. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला, आणि पानिपतच्या मोहिमेविषयी बखरीवर विसंबणाऱ्या वाचकासमोर प्रथमच भाऊसाहेबांची त्या काळची पत्रे आली. गोविंदपंत बुंदेल्यांस लिहिलेल्या त्या पत्रांत पैक्याची आणि रसदेची निकड आहे; पराक्रमाच्या वर्णनाला तेथे अवसर नाही. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने.

पेशवे दप्तराची कथा निराळी आहे. इंग्रजांनी ते राखले ते इतिहासप्रेमाने नव्हे. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, कोणत्या गावाचा वसूल किती, हे ठरविण्यास त्या कागदांचा पुरावा लागे. म्हणून जमीनमहसुलाच्या सोयीने ते लावले गेले, आणि ३४ हजारांहून अधिक रुमालांच्या त्या राशीत राजकारणाची पत्रे दबून राहिली. ती निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध करण्याचे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली झाले. सरदेसाईंची उमेद बडोद्याच्या चाकरीत गेली होती, हे आपल्यासारख्या परस्थ नोकरदारांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्वाल्हेरचे आनंदराव भाऊ फाळके यांनीही कोट्याच्या गुळगुळे दप्तरातील पत्रे ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ या मालेत छापून काढली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाच्या हातून काय होऊ शकते, याचे हे दाखले होत.

आता मुख्य मुद्दा. जुने मराठी पत्र हाती आले म्हणजे इतिहास हाती आला, असे नाही. अशा पत्रावर पुष्कळदा केवळ मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहिलेला असतो, साल नसते. कारभारी कागदांवर सुहूर सन आढळतो, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१, अर्थात इसवी सनाचे १७६०–६१, पानिपतच्या रणाचे साल. पण जेथे साल मुळीच नाही, तेथे संशोधकास आधार कशाचा? रुमालातील शेजारच्या कागदांचा. वरच्या पत्राचे उत्तर खालच्या पत्रात असते. याद आणि तिच्या हिशेबाचा ताळेबंद एकत्र गुंडाळलेले असतात. रुमाल सोडून कागद आकाराप्रमाणे लावले, अथवा चांगला शिक्का उठलेला तेवढा कागद वेगळा काढून विकला, की तो आधार कायमचा तुटतो. वाळवीने खाल्लेल्या पत्राचा उरलेला भाग तरी वाचता येतो. स्थानभ्रष्ट झालेले पत्र पूर्ण असूनही मुके होते.

हत्यारांची अवस्था याहून बिकट. मराठे ज्या तलवारीस फिरंग म्हणत, तिचे पाते युरोपातून आलेले आणि मूठ येथे बसविलेली असे. तेव्हा पात्यावरून धन्याचा पत्ता लागत नाही. १८०३ साली दिल्लीजवळ पटपडगंजास, अलवार प्रांती लासवारीस आणि असईस शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. एकट्या असईच्या रणात त्यांची संख्या ९० हून अधिक होती. पण तोफेस धातूची किंमत असते, आणि धातू वितळला की लेख, साल, कारखाना सर्व एकदम वितळते.

अलीकडची दोन उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपये देऊन रघूजी भोसल्यांची फिरंग विकत घेतली. तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत रघूजींचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब असल्यामुळे तिची ओळख तिच्याच अंगावर आहे. याउलट २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यास प्रदर्शनासाठी आणलेली वाघनखे पाहा. ती ग्रँट डफच्या घराण्याकडून त्या संग्रहालयास मिळाली. परंतु १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगातील ती हीच, हे सिद्ध करण्यास पुरावा नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. १६५९ पासून ग्रँट डफपर्यंतच्या दीडशेहून अधिक वर्षांतील एखादी लेखी नोंद उरली असती, तर हा वाद उद्भवला नसता.

मग सापडलेले सर्व पुण्यास आणावे काय? आणल्याने पुष्कळ वाचले, हे खरे. पण ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या कागद सांभाळले त्याच्याशी, आणि ज्या मुलखाविषयी ते लिहिले त्याच्याशी त्यांचे नाते तुटते, हेही खरे. उलट तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी दप्तर जागेवर राहिले, तर तेथे मोडी वाचणारा दुर्मीळ. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि आपल्याच आजोबांची अक्षरे आपणांस परकी झाली. घरमालकाची भीतीही खोटी नसते. जमिनीचा दावा उभा राहील या धास्तीने तो पेटी उघडत नाही. त्याच्याशी अधिकाराच्या जोरावर नव्हे, विश्वासाने बोलले पाहिजे.

आज छायाचित्रामुळे मूळ कागद जागेवर ठेवून त्याची प्रत दूर नेता येते. तेव्हा अशी पेटी दृष्टीस पडल्यास रुमाल विसकटू नये. कोणते गाव, कोणाचे घर, कोणत्या रुमालात कितवा कागद, घरची माणसे त्याविषयी काय सांगतात, हे त्याच दिवशी लिहून काढावे; क्रमाने छायाचित्रे घ्यावी; जवळच्या अभिलेखागारास कळवावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचे हत्यार आणि ७५ वर्षांपूर्वीचे ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित वा दप्तर पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसास ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही मालकास समजावून द्यावे. तलवार परत आणावयास लाखो रुपये लागतात. ती कोठून आली हे लिहून ठेवणारी चिठ्ठी कोणासही लिहिता येते. मात्र ती वेळीच लिहिली पाहिजे, कारण सांगणारा म्हातारा गेल्यावर ती लिहिणे कोणाच्याही हाती उरत नाही.