सांगली-तासगाव आणि पुढचा रस्ता

सांगलीच्या स्टँडवर तासगावची एसटी लागली की आई पदर खोचून पुढं घुसते आणि खिडकी धरते. वय पंचाहत्तरीच्या पुढं गेलंय, पण खिडकी सोडत नाही. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कवठेएकंद ही गावं कंडक्टरच्या आधी तिच्या तोंडून येतात. तासगावात गाडी बदलून सावळजच्या अंगाला लागलो की मात्र तिची बडबड थांबते. मान बाहेर काढून ती खाली रस्त्याकडं बघत बसते.

सांगली-तासगाव हे पंचवीसएक किलोमीटरचं अंतर, पण १९४८ पर्यंत एवढ्या वाटेवर तीन सरकारं नांदत होती. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. माधवनगर, बुधगाव धाकट्या मिरजेकडं. बुधगाव तर त्या संस्थानाची राजधानीच. आणि तासगाव इंग्रजांचं, सातारा जिल्ह्यात. तसं तेही मूळचं पटवर्धनांचंच. परशुरामभाऊंनी इथं ठाणं केलं, गोपुराचं गणपतीचं देऊळ बांधायला घेतलं. पुढं वारस राहिला नाही म्हणून १८४८ साली इंग्रजांनी ते खालसा केलं. आजोबा बैलगाडीनं शेंगा घेऊन सांगलीला जायचे. ते म्हणायचे, "राज्य बदललं की चाकाचा आवाज बदलतुया." रस्ता ज्याचा त्याचा, आणि खड्डेही ज्याचे त्याचे!

पुण्याहून मिरजेला येणारी रेल्वे कृष्णेच्या बाजूनं, भिलवडीवरनं गेली. तासगाव कडेला राहिलं. त्यामुळं आमचा सगळा कारभार रस्त्यावर. शेतमाल रस्त्यानं, नवरी रस्त्यानं. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेली माणसंही याच धुळीतनं चालत आली. संस्थानं विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. पाट्या बदलत गेल्या. तासगावच्या पूर्वेकडं आमच्या गावाला जाणारी वाट मात्र बैलगाडीचीच राहिली. पावसाळ्यात चिखल, एरवी फुफाटा.

ती वाट पक्की झाली ती दुष्काळामुळं.

१९७२ ला पाऊस गेला. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. विहिरींचे तळ दिसले, जनावरं मिळेल त्या भावाला गेली. आणि गावाबाहेर सरकारी काम निघालं. आई, चुलती, शेजारची म्हातारी, सगळ्या खडी फोडायला. बोटाला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या, समोर दगडाचा ढीग, हातात हातोडी. कपची उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून आई मान तिरकी धरायची. ती सवय अजून मोडली नाही. मजुरी मापावर. ढीग भरला की मुकादम माप लावायचा आणि दर वेळी थोडा कमीच भरायचा. पोटाला अमेरिकेची लाल मायलो ज्वारी. आम्हा पोरांना सुकडी. आम्हाला दुष्काळ म्हटलं की आधी सुकडी आठवते, काय करणार!

१९७३ च्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. पण मागेल त्याला काम द्यायचा विचार दुष्काळाच्या आधीचा, आणि तो आमच्याच तालुक्यातला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे विसापूरचे. त्यांच्या पुढाकारानं १९६५ च्या सुमाराला तासगाव भागातल्या काही गावांत हा प्रयोग झाला. दुष्काळानं त्याची गरज सगळ्यांना पटवली. १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडनं व्यवसाय कर घेऊन त्यातनं पैसा उभा राहिला. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ ला तो लागू झाला. देशाचा कायदा त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, २००५ ला आला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातनं कापलेले चार पैसे आमच्याकडच्या बाईच्या हातावर पडत होते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आईनं पुढंही दोन उन्हाळे रोजगार हमीवर काढले. मुरूम, मग खडी, मग दबाईचं इंजिन. डांबर फार उशिरा आलं. त्यानंतर द्राक्षं आली. तालुक्यातल्या बोरगावात निघालेलं 'तास-ए-गणेश' हे वाण; त्यातलं 'तास' म्हणजे तासगाव. द्राक्षाला हादरा चालत नाही, पेटीत मणी गळतात. खडीचा रस्ता नसता तर बाग लावायचं धाडस आमच्याकडं कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. टँकरनं पाणी घालून बागा जगवल्या म्हणतात. ते खरंच आहे, पण टँकरलाही रस्ता लागतो.

मागं रुंदीकरण निघालं तेव्हा आमच्या फाट्यावर जेसीबीनं जुनी कड उकरली. आई कामावर बघायला गेली. डांबराखालनं हातानं फोडलेली खडी वर आली होती, लहानमोठी, कोपरे निघालेली. ड्रायव्हर पोरगा म्हणाला, "आजी, मागं सरा की."

"ही खडी कुठं न्येतोस?"

"भरावाला."

"ने. पन त्यातल्या एका हप्त्याचं पैसं अजून यायचं हायत माजं."

पोरगा हसला. ती हसली नाही. त्या हप्त्याला मस्टरवर तिचा अंगठाच घ्यायचा राहिला होता. चार वेळा हेलपाटे घातले, पैसे मिळाले नाहीत. किती होते तेही तिला पाठ आहे. गाडी त्या वळणावर आली की आकडा सांगते.