एझ्रा कलेक्टिव्ह

एझ्रा कलेक्टिव्ह : लंडनमधील समकालीन जॅझ वाद्यवृंद. स्थापना 2012. फेमी कोलेओसो (ड्रम) आणि टी. जे. कोलेओसो (बेस गिटार) हे भाऊ, जो आर्मन-जोन्स (कीबोर्ड), जेम्स मॉलिसन (सॅक्सोफोन) व इफे ओगुन्जोबी (ट्रम्पेट) असे पाच वादक त्यात आहेत. संस्थापक वादक एकत्र आले ते ‘टुमॉरोज वॉरियर्स’ या संस्थेच्या तालमींत. गॅरी क्रॉस्बी व जनीन आयरन्स यांनी 1991 मध्ये सुरू केलेली ही संस्था होतकरू मुलांना जॅझचे शिक्षण देते.

जॅझच्या उत्स्फूर्त वादनाला नायजेरियन आफ्रोबीट, रेगे, साल्सा आणि हिपहॉप यांची जोड, हे या वृंदाचे वैशिष्ट्य. ड्रम आणि बेस एकच ठेका घट्ट धरून ठेवतात. त्यावर सॅक्सोफोन व ट्रम्पेट मुखडा एकत्र वाजवतात आणि मग एकेक वादक स्वतंत्र विस्तार करतो. आफ्रोबीटचे आद्य ड्रमवादक टोनी अ‍ॅलन यांचे मार्गदर्शन फेमी यांना लाभले होते.

‘यू कान्ट स्टील माय जॉय’ (2019) हा पहिला पूर्ण अल्बम. ‘व्हेअर आय अ‍ॅम मेंट टू बी’ (2022) या अल्बमला 2023 चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. जॅझ वृंदाला हा मान प्रथमच लाभला. पुरस्कार स्वीकारताना फेमी यांनी श्रेय दिले ते मुलांना संगीत शिकवण्यासाठी झटणाऱ्या माणसांना. 2024 मध्ये वृंदाने वेम्बली अरीनात कार्यक्रम केला आणि 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट वृंदाचा ब्रिट पुरस्कार पटकावला. परवडणारे सामूहिक संगीतशिक्षण काय घडवू शकते, याचे हा वृंद ठळक उदाहरण आहे.